टीसीएलच्या पोत्याची खरेदी

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतींत एक खरेदी हमखास होते, टीसीएल पावडरीची. विहिरीत आणि टाकीत टाकायची ती ब्लीचिंग पावडर. रक्कम लहान, म्हणून मासिक सभेत हा विषय चहा यायच्या आत संपतो. रस्त्याच्या कामाची गावभर चर्चा होते, गटाराच्या ठेक्यावरून भांडणं लागतात, पावडरीच्या पोत्याकडे मात्र कुणी बघत नाही. पंचायत विभागात विस्तार अधिकारी म्हणून नोकरी करताना मी गावोगावची दप्तरं तपासली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. एखादी ग्रामपंचायत खरेदी कशी करते हे पाहायचं असेल, तर तिची टीसीएलची फाइल उघडावी.

त्या फाइलीत सहसा काय सापडतं? सभेचा ठराव, तीन दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, सर्वांत कमी दराला मंजुरी, पुरवठा आदेश, बिल, आणि साठा नोंदवहीत पोती जमा झाल्याची नोंद. कागद जिथल्या तिथे असतात, लेखापरीक्षणात आक्षेप निघत नाही. तरीही त्याच गावात ऑगस्टमध्ये जुलाब-उलट्यांची साथ येऊ शकते. कारण या सगळ्या कागदांत एक आकडा कुठेच नसतो. त्या पावडरीत क्लोरीन किती टक्के आहे, हा तो आकडा.

ताज्या, चांगल्या पावडरीत क्लोरीनचं प्रमाण साधारण 33 टक्के असतं. म्हणजे 25 किलोच्या पोत्यात आठ किलोंहून थोडं जास्त. 1000 लिटर पाण्याला 5 ग्रॅम पावडर, असं जे जलसुरक्षकाला, म्हणजे गावच्या पाण्यात पावडर टाकणाऱ्या माणसाला, शिकवलेलं असतं, ते याच ताकदीच्या हिशेबाने. पण ही पावडर टिकणारी नाही. ऊन, ओल, उघडं तोंड, यातल्या कशानेही तिचा जोर उतरतो. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर आपलं आरोग्य खातं वापरायला योग्य मानत नाही. जलसुरक्षक बिचारा मोजून-मापून 5 ग्रॅमच टाकत राहतो, आणि शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन हवा असतो तो तिथपर्यंत पोचतच नाही. पाण्यात क्लोरीन आहे का हे बघायच्या ओटी टेस्टमध्ये पाण्याला पिवळा रंग येत नाही. मग बोलणी कुणाला बसतात? जलसुरक्षकाला. खरेदीच्या फाइलीपर्यंत कुणी जात नाही.

आता कमी दराचं बघा. समजा, एका पुरवठादाराने किलोला 30 रुपये दर दिला आणि दुसऱ्याने 24. तक्त्यात दुसरा स्वस्त दिसतो. पण पहिल्याची पावडर 33 टक्क्यांची आणि दुसऱ्याची 20 टक्क्यांची असली, तर एक किलो क्लोरीन पहिल्याकडून 91 रुपयांना पडतो आणि दुसऱ्याकडून 120 रुपयांना. स्वस्त म्हणून घेतलेला मालच महाग पडला. यात कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. सचोटीचा ग्रामसेवकसुद्धा हेच करतो, कारण जास्त दराचा माल घेतला तर लेखापरीक्षक विचारेल, ही त्याची भीती खरी असते. त्यावर उपाय दरपत्रकं मागवण्याच्या आधीच करायचा असतो. मागणीपत्रात लिहायचं: माल भारतीय मानक 1065 प्रमाणे, क्लोरीन अमुक टक्क्यांपेक्षा कमी नको, उत्पादनाची तारीख अमुक दिवसांच्या आतली. असं लिहिलं की कमजोर माल तुलनेत उतरतच नाही आणि ग्रामसेवकाच्या हातात लेखी आधार राहतो.

दुसरी गोष्ट साठ्याची. पुष्कळ गावं वर्षभराची पावडर एकदाच उचलतात. गाडीभाडं वाचतं आणि बिलही एकच होतं. मग ती पोती कार्यालयाच्या मागच्या ओलसर खोलीत पडून राहतात. दर महिन्याला वेगळी खरेदी करायला जावं तर खरेदीचे तुकडे पाडल्याचा आक्षेप येतो, आणि तो रास्तच आहे. राज्याच्या 2016 च्या खरेदी नियमपुस्तिकेत ई-निविदा सक्तीची होण्याची मर्यादा 3 लाख रुपये धरली होती. अशा मर्यादा शासन निर्णयांनी बदलत असतात, पण मर्यादा चुकवण्यासाठी मागणीचे तुकडे करायचे नाहीत हे तत्त्व कायम आहे. तेव्हा मार्ग सरळ आहे. वर्षाच्या एकूण मालाचा आदेश एकच काढायचा आणि पुरवठा टप्प्याटप्प्याने घ्यायचा. एका आदेशाखाली चार वेळा माल आला तर ते तुकडे पाडणं होत नाही. आजूबाजूच्या गावांनी मिळून दर ठरवला आणि माल आपापल्या गावी उतरवून घेतला, तर लहान गावालाही मोठ्या खरेदीचा दर मिळू शकतो.

पैशाचं कारण इथे फारसं टिकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा बंधित ठेवला, आणि तो पाणी व स्वच्छतेसाठीच होता. सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सह्यांनी रक्कम थेट पुरवठादाराच्या खात्यात जाते. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर खर्च कुणालाही दिसतो. माल कसा होता, ते मात्र तिथे दिसत नाही. रस्त्याच्या कामात निदान मोजमाप पुस्तिका असते. अभियंत्याने लांबी, रुंदी, जाडी मोजून नोंदवल्याशिवाय देयक निघू नये, अशी ती व्यवस्था आहे. पावडरीला तशी व्यवस्था ग्रामपंचायतीने आदेशातच लिहून निर्माण करायची.

आणखी एक, पुरवठादार कोण याकडेही लक्ष असू द्या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 प्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, तो सदस्य म्हणून अपात्र ठरू शकतो.

गावकऱ्यांच्याही हातात बरंच आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 म्हणजे कागदांच्या झेरॉक्सपुरताच, असा समज आहे. त्या कायद्यात माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे, तिच्यात कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही येतं. साठ्यातल्या पावडरीचा नमुना तुम्ही अर्ज करून मागू शकता. अर्थात त्याआधी ग्रामसभेत साधा प्रश्न विचारून बघा: मागच्या मालाचा तपासणी अहवाल कुठे आहे?

सरपंच आणि ग्रामसेवक ऐकत असतील, तर पुरवठा आदेशाच्या अटी सांगतो, लिहून घ्या. माल चार टप्प्यांत, प्रत्येक टप्पा कळवल्यापासून आठ दिवसांत. पोतं बंद, आतून प्लास्टिकचं अस्तर, वर उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक. माल उतरताना सरपंच, ग्रामसेवक आणि जलसुरक्षक यांच्यासमोर नमुना काढायचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत प्रयोगशाळेत पाठवायचा. त्या टप्प्याचं देयक अहवाल आल्यावरच. आणि अहवालात प्रमाण कमी निघालं, तर तेवढा माल पुरवठादाराने स्वतःच्या गाडीने, स्वतःच्या खर्चाने परत न्यायचा आणि आठवड्याच्या आत बदलून द्यायचा.

नमस्कार.