आणखी एक हात

नमस्कार. आजचा विषय फलकावर आहेच, "ब्रेक कॅलिपरच्या रंगकामातल्या चुका आणि त्यांची दुरुस्ती". कॅलिपर म्हणजे चाकामागची ती पकड, जी दोन बाजूंनी पॅड दाबून चाकाबरोबर फिरणारी तबकडी, म्हणजे डिस्क, आवळते. मघाशी फलकावर कॅलिपरच्या जागी "कॅलेंडर" लिहिलं होतं. मंडळाच्या चिटणीसांनी ओलं फडकं आणून ते पुसलं आणि मग नीट लिहिलं. त्याच्यावरच गिरवलं असतं तर कुणाला काही वाचता आलं नसतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आता चहा घेऊन घरी गेलात तरी चालेल.

नाही, बसा, बसा. आपल्याकडं रंगाच्या थराला हात म्हणतात. भिंतीला दोन हात, दाराला तीन. आणि काही बिघडलं की पेंटरचं ठरलेलं वाक्य, "आणखी एक हात मारू, झाकून जाईल." भिंतीवर झाकलं जातं. ब्रेकवर जात नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये.

माझी 1998 सालची झेन आहे. निवृत्त झालो, हाताला काम नव्हतं. शेजारच्या पोराच्या गाडीला अलॉय व्हील, त्यातून लालबुंद कॅलिपर दिसायचे. म्हटलं, आपलेही करू. आता झेनची चाकं पत्र्याची, वर प्लास्टिकची व्हीलकॅप. आत लाल केलं काय नि मोरपंखी केलं काय, बघणार कोण? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांच्या गाड्यांना व्हीलकॅप आहेत, मी येताना पार्किंगमधून बघत आलोय.

तर वायर ब्रशनं गंज काढला आणि रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं. रॉकेलचा तेलकटपणा मागं राहतो. पहिल्या हाताला माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडले. ते झाकायला दुसरा हात मारला, तो जाड झाला आणि ओघळला. ओघळ झाकायला तिसरा. तेव्हा खालचा अर्धवट वाळला होता, त्यामुळं सगळं शेवयांसारखं सुरकुतलं. मग चौथा, मग पाचवा. पाचव्यानंतर दहा फुटांवरून बरं दिसत होतं.

पॅडचे दोन कान ज्या खाचेत सरकतात ती ब्रॅकेटची, म्हणजे कॅलिपर धरणाऱ्या चौकटीची, खाच मी टेपनं झाकली नव्हती. उलट कोपरा कोरडा राहू नये म्हणून तिथं स्प्रे जरा जास्तच धरला. तिथं मोकळीक असते मिलिमीटरच्या काही दशांशांची. पॅड बसेनात, तेव्हा मी ते हातोडीनं ठोकून बसवले. आयुष्यभर कारखान्यात क्वालिटीला होतो, हे कृपया वृत्तांतात छापू नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं साताऱ्याला निघालो. खंबाटकी चढताना ही म्हणाली, "कसला हो वास येतोय?" मी म्हटलं, पुढच्या ट्रकचे ब्रेक. ती म्हणाली, "चढावर ब्रेक कोण मारतं?" त्या बाईनं कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, पण निदान अचूक. सुरूरला चहाच्या टपरीपाशी थांबलो, चाकापाशी हात नेला तर चुलीसारखी धग. लाल रंगाचा काथ झाला होता.

झालं काय होतं? पेडल सोडल्यावर पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनला मागं ओढायला आत स्प्रिंग नसते. चौकोनी कापाची एक रबरी सील असते. ती दाबाखाली मुरगळते, दाब गेला की सरळ होते आणि पिस्टनला तेवढ्यापुरतं मागं घेते. पॅडला ओढायला तर कुणीच नसतं, ते आपापलं सैल व्हावं लागतं. माझे ठोकलेले पॅड कसले सैल होतायत? गाडी पुण्यापासून ब्रेक घासतच आली होती. साताऱ्याच्या मेकॅनिकनं चाक काढलं, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाला, "काका, रंगपंचमी झाली की ओ."

हं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे फलकावरचा विषय आता सुरू करायचा.

ओघळ असेल तर पूर्ण वाळू द्या. मग 400 च्या वॉटर पेपरनं तेवढाच सपाट करा, त्याहून बारीक 600 फिरवा आणि पातळ हात मारा. वरून मारलेला हात टिकतो तो एवढ्याच चुकीत. माशाचे डोळे दिसले तर खाली तेल आहे, उघड्या धातूपर्यंत या, ब्रेक क्लीनर आणि दर वेळी नवी चिंधी. सुरकुतलेलं सगळं काढायचं. दुसरा हात किती वेळानं मारायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, चष्मा लावा. नखानं पोपडा उचकटत असेल तर कडा घासून भागणार नाही, तोही सगळा काढा.

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची पूड लावून भट्टीत भाजणं. ही भट्टी साधारण 180 ते 200 अंशांची असते, सील नि बूट, म्हणजे पिस्टनवरचं धूळ अडवणारं रबर, आत ठेवून कॅलिपर दिलात तर त्यांचा कोळसा होईल. कॅलिपर बिडाचा असेल, बीड म्हणजे जिल्हा नव्हे, तर ओतकामात अडकलेली हवा तापून बाहेर येते आणि पावडरला टाचणीएवढी भोकं पडतात. आधी नुसताच तापवून घ्यायला सांगा. सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं जुना रंग काढायला, देताना पिस्टनचं भोक बुजवून द्या. पावडरचा थर 60 ते 80 मायक्रॉन, म्हणजे केसाएवढा, पण खाचेत तो दोन्ही बाजूंनी बसतो.

रंग अजिबात नको अशा जागा: ती खाच, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांची भोकं, हबचा डिस्क नि चाक टेकतं तो भाग, आणि ब्रेकच्या होजचा, म्हणजे ऑइलच्या नळीचा, पोकळ बँजो बोल्ट बसतो ती बैठक. बैठकीवरचा रंग बोल्टखाली चेपतो, बोल्ट सैल पडतो, ऑइल गळतं. खाचेतला रंग सपाट कानशीनं हलकेच काढा, लोखंड खाऊ नका. बैठकीला कानस लावू नका, तिथं पेंट रिमूव्हर आणि चिंधी, वर तांब्याचे वायसर नवे.

ब्रेक ऑइल सांडलं तर पुसत बसू नका, पाणी ओता. साधं डॉट 3, डॉट 4 ग्लायकॉलचं असतं, पाण्यात विरघळतं. नाहीतर तुमचं महिनाभराचं रंगकाम ते एका रात्रीत उचलून देईल.

हो हो, उठलोच. शेवटचं. सगळं जोडून झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक लागेपर्यंत दाबा. पिस्टन मागं ढकललेले असतात, पहिली दोन-तीन पेडलं पोकळ जातात. आमच्या सोसायटीच्या गेटला त्याची खूण आहे. चेअरमन म्हणाले, राहू द्या, आम्ही पेंटर लावू.