सातबाऱ्यातला बारा

(ठाण्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीला एक कागद वाचून दाखवतो. मुरबाड तालुक्यातल्या माझ्या मामाच्या शेताचा हा जुना सातबारा. वरचा गाव नमुना सात जमीन कोणाची ते सांगतो, खालचा बारा त्या जमिनीत काय पिकलं ते सांगतो. घराघरांत भांडणं होतात ती सातावरच्या नावांवरून. बारा सहसा कोणी वाचत नाही. भूगोलाचा मास्तर असल्यामुळे मी आधी बारा वाचतो. पहिल्या सात-आठ ओळींत भात, भात, भात. एका वर्षी भाताच्या मागून थोड्या गुंठ्यांत वाल. मग एका वर्षी 'पड'. पुढे 'गवत पड', आणि कागद संपेपर्यंत तेच.

माती तीच, पाऊस तोच, बांधही तेच. आजोबांना ही जमीन कुळकायद्याने मिळाली होती. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक ठरलं तो दिवस, आमच्या घरात सणासारखा सांगितला जायचा. इतक्या मोलाची जमीन पड का पडली? आज मी जे काही बोलणार आहे ते या एका प्रश्नाभोवती आहे.

भूगोलात याला भूमी उपयोजन म्हणतात. जमिनीचा माणूस काय उपयोग करतो, आणि तोच का करतो, एवढाच त्याचा अर्थ. सरकारी आकडेवारीत गावाची जमीन नऊ वर्गांत मांडतात: जंगल, बिगरशेती, कुरण, झाडझाडोरा, निव्वळ पेरणी क्षेत्र वगैरे. त्यांपैकी तीन वर्ग मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. या वर्षी पेरलं नाही ती चालू पड. एक ते पाच वर्षं पेरलं नाही ती इतर पड. पाच वर्षांच्या वर गेली की तीच जमीन लागवडयोग्य पडीक. म्हणजे जमीन एका रात्रीत शेतीतून जात नाही, पायरी पायरीने जाते. बिल्डरची पाटी लागते तेव्हा ती जाऊन बरीच वर्षं झालेली असतात.

आता एक गैरसमज बाजूला करू. शेत म्हटलं की आपल्याला फक्त बांध घातलेलं भाताचं खाचर दिसतं. पण आपल्या उत्तर कोकणात खाचर कधीच एकटं नव्हतं. माझ्या लहानपणी मे महिन्यात राब भाजायचे. रोपं वाढवायच्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर ऐन-किंजळ या झाडांचे टहाळ, म्हणजे तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. ही माती बारीक करून पसरायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. मामा वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि वारा जिकडे जातो त्या टोकाला काडी लावायचा, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध सरकत हळूहळू धुमसते, भडकत नाही. तणाचं बी जळायचं, राखेचं खत मिळायचं, माती भुसभुशीत व्हायची. पहिला पाऊस पडला की त्याच राखेत भात पेरायचं.

हा टहाळ आणि हे गवत यायचं कुठून? वरकस जमिनीतून, गावामागच्या टेकाडांवरून. खाचरात भात उगवायला टेकाडावर झाडं लागायची. जंगलं राखीव झाल्यावर टहाळ कुठून तोडायचा, हा ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतला एवढा मोठा प्रश्न झाला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला जंगलाबाबतच्या तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला. कागदावर वरकस 'हलकी जमीन' असते. तुमच्यापैकी ज्यांनी वरकस विकून खाचर राखलं, त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं की त्यांनी शेताचा अर्धा भाग विकला. हे म्हणताना मला खरंच वाईट वाटतं, कारण आमच्या घरानेही तेच केलं.

पण हा झाला गावाच्या आतला हिशेब. गावाबाहेरचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने. आपली पाठ्यपुस्तकं त्याला थुनेन म्हणतात. १८१० मध्ये त्याने मेक्लेनबुर्ग भागात टेलो नावाची जमीनदारी घेतली आणि वर्षानुवर्षं तिथले जमाखर्च स्वतः ठेवले. १८२६ मध्ये त्यावरचं पुस्तक आलं. त्याने कल्पना केली: सपाट प्रदेश, सगळीकडे सारखी माती, मधोमध एकच शहर, आणि माल न्यायला घोडागाडी. मग काय कुठे पिकेल? दूध नासतं, भाजी कोमेजते, म्हणून ती शहराला लागून. त्याच्या बाहेर जंगल, कारण लाकूड जड आणि तेव्हा चूल त्यावरच पेटायची. मग धान्य, आणि सगळ्यांत बाहेर गुरं, कारण गुरं स्वतःच्या पायांनी बाजारात येतात. गाडी ओढणारा घोडा वाटेत किती दाणा खाईल, तेसुद्धा त्याने खर्चात धरलं होतं. विक्रीच्या पैशातून पिकवण्याचा आणि वाहतुकीचा खर्च वजा जाता जे उरतं, ते बाजारापासून दूर जावं तसं घटतं. ज्या जागी ज्या पिकाचं उरणं सर्वांत जास्त, ते पीक तिथे. सारख्याच मातीत वेगवेगळी पिकं का येतात, याचं हे उत्तर.

आपल्याकडे याचा सगळ्यांत सुंदर पुरावा म्हणजे गवत. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना आणि घोड्यांना चारा लागायचा. गवत हलकं, पण जागा फार खातं. म्हणून ते लांबून आणणं परवडत नाही. पालघर, डहाणूकडे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, मैलोन्‌मैल गवताची राखणं होती. दसऱ्यानंतर कापणी, मग वखारीत दाबून गाठी, आणि रेल्वेने मुंबई. माळावर गवताशिवाय काही येत नाही असं लोक म्हणायचे. प्रत्यक्षात नागली, वरी येतच होती, पण मुंबईच्या म्हशीने त्या माळाची किंमत ठरवली होती. आणि ती किंमत कोणाच्या घामावर उभी होती, हे १९४५ च्या वारल्यांच्या लढ्यात दिसलं. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली त्यांनी मागणी केली ती पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरीची. भूगोलाच्या पुस्तकात थुनेनची वर्तुळं काढून दाखवतात, वर्तुळात विळा घेऊन वाकलेला माणूस काढत नाहीत. मला तो काढल्याशिवाय हा विषय शिकवता येत नाही.

पुढे ती वर्तुळं ताणली गेली. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली तेव्हापासूनच ताणायला सुरुवात झाली. दुधाचं उदाहरण घ्या. १९४९ मध्ये मुंबईतल्या म्हशींसाठी आरे वसाहत उभी राहिली, पण त्याआधीच, १९४६ मध्ये, खेडा जिल्ह्यात सहकारी दूध संघ स्थापन झाला होता, आणि आणंदचं दूध चारशे किलोमीटरवरून मुंबईत येऊ लागलं. दूध थंड ठेवता आलं की अंतर आपोआप कमी होतं. भाजीचं तेच. जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो रात्री माळशेज उतरतो, मुरबाडवरून, कल्याणवरून वाशीच्या मार्केट यार्डात पहाटे पोचतो.

वाटेत तो माझ्या मामाच्या पडीक शेतावरून जातो. हे चित्र डोळ्यांसमोर आणा. घाटावरची भाजी रात्रभर प्रवास करते आणि शहराच्या दाराशी असलेली जमीन गवत खात बसते. थुनेनच्या हिशेबाने हे उलट आहे. या उलट्या वर्तुळांबद्दल १९६७ मध्ये रॉबर्ट सिंक्लेअर या भूगोलतज्ज्ञाने लिहिलं. अमेरिकेतली शहरं पाहून त्याने दाखवलं की वाढत्या शहराला लागून असलेल्या जमिनीत शेतीची गुंतवणूक सर्वांत कमी असते. मालकाला ठाऊक असतं की ही जमीन आज ना उद्या विकायची आहे. मग विहीर कोण खणणार, बांध कोण घालणार, कलमं कोण लावणार? जमिनीचा वापर आजच्या पिकावरून ठरत नाही, उद्याच्या भावावरून ठरतो.

मामाच्या सातबाऱ्यावरचा 'पड' हा शब्द तिथून आला. मामा आळशी नव्हता. मुलं अंबरनाथ-बदलापूरकडे कामाला लागली, लावणीला माणूस मिळेना, आणि दर महिन्याला एखादा एजंट अंगणात येऊन बसायचा. अशा घरात पुढच्या दहा वर्षांचा विचार करून कोणी शेत करत नाही.

भिवंडीचं थोडक्यात सांगतो. काल्हेर, कशेळी, राहनाळ, पूर्णा, माणकोली इथल्या खाचरांवर गोदामं उभी राहिली, त्याचं एक मोठं कारण जकात, म्हणजे शहराच्या हद्दीत माल आणताना लागणारा कर. मुंबईच्या हद्दीबाहेर माल साठवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामं गेली नाहीत. एकदा भराव पडला की खाचर परत येत नाही.

खाडीकाठाला मात्र मी जरा थांबणार आहे. आज इथे कोपरखैरणे, घणसोली, दिवाळ्याची माणसं बसली आहेत. तुमच्या गावांत खारी जमीन होती. खाडीच्या कडेने मातीचा बांध, आतल्या बाजूला भात, आणि बांधात उघाडी. भरती आली की पाण्याच्याच दाबाने उघाडीची झडप बंद होते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. उघाडीच्या तोंडाशी जाळं लावलं की कोलंबी, मासळी. जवळच मिठागर. एकाच जमिनीचे किती उपयोग! बांधाला खांड पडली आणि खारं पाणी आत शिरलं की मीठ धुऊन जायला पुढचे दोन-तीन पावसाळे लागायचे, म्हणून खांड बुजवायला अख्खं गाव धावायचं. हा बांध एकट्याचा असूच शकत नव्हता. या जमिनीसाठी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारं पाणी सोसणाऱ्या भाताच्या जातीही काढल्या.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांची जमीन संपादनात गेली. मोबदला मोजताना एकराने मोजला गेला. उघाडीवरची मासळी, गावाने मिळून राखलेला बांध यांसाठी त्या हिशेबात रकानाच नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात गेले, आणि त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. तो हक्क जिवाच्या मोलाने मिळालेला आहे. आणि आज नवी मुंबई भरतीत बुडत नाही, ती होल्डिंग पॉण्ड, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारी तळी, आणि त्यांच्या झडपांमुळे. वाशीच्या त्या तळ्याकाठी भरतीच्या वेळी उभे राहा. झडप मिटताना दिसेल. तुमच्या आजोबांची उघाडी अगदी अशीच मिटायची.

शेवटी एक काम सांगतो, ते याच आठवड्यात करता येईल. ठाणे स्टेशनबाहेर, जांभळी नाक्याला, कसारा लाइनवरून आलेल्या बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसल्या आहेत. जोडीला काकडं ही आंबट रानफळं, कारण त्यांच्याशिवाय शेवळाची खाज मोडत नाही. शेवळं कोणी लावत नाही. वरकसाच्या टेकाडांवर, झाडांखाली, पहिल्या पावसाच्या ओलीने कंद फुटतात. ज्या टेकाडावर पोकलेन फिरला तिथे कंद राहत नाही. जुडी घेताना विचारा, "मावशी, कुठली शेवळं?" मी दर जूनमध्ये विचारतो आणि वहीत लिहून ठेवतो. सुरुवातीच्या पानांवर टिटवाळा आणि खडवली आहे. मग वाशिंद, आसनगाव. परवा एकीने खर्डीच्याही पलीकडचा पाडा सांगितला. पहाटे चारला निघाले होते, म्हणाली.