नव्या घराचं आडनाव

नमस्कार श्रोतेहो.

११ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्गला फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेन विरुद्ध नेदरलँड्स. तुमच्यापैकी काहींनी तो रात्री जागून पाहिला असेल. स्पेनच्या मधल्या फळीत त्या दिवशी दोन खेळाडू होते, शावी एर्नांदेस आणि शाबी आलोन्सो. एकाचा व, दुसऱ्याचा ब, एवढाच काय तो फरक. शावी कॅटलोनियातला, शाबी बास्क मुलखातला. दोघांची ही नावं एकाच मुळातून निघालेली आहेत आणि ते मूळ म्हणजे एक आडनाव, शाविएर, आपण ज्याला झेवियर म्हणतो. आडनाव होण्याआधी ते एका गावाचं नाव होतं, आणि त्याच्याही आधी एका घराचं. आज त्या आडनावाबद्दल आणि त्याच्या मुळाशी असलेल्या एचेबेरिया या बास्क नावाबद्दल बोलायचं आहे.

स्पेन आणि फ्रान्स यांच्यामध्ये पिरेनीज पर्वत आडवा पसरलाय. त्याच्या पश्चिम टोकाला, समुद्राला लागून, बास्क लोकांचा मुलूख आहे. त्यांची भाषा एउस्कारा. स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज या लॅटिनच्या लेकी, आणि दूरच्या नात्याने आपली मराठीही त्यांच्याच गोतावळ्यातली. एउस्काराचं मात्र जगातल्या कुठल्याच जिवंत भाषेशी नातं सिद्ध झालेलं नाही. रोमन यायच्या आधीपासून ती तिथे बोलली जाते आहे.

या लोकांमध्ये ओळख असायची ती घराची. डोंगरउतारावर सुटी सुटी दगडी घरं, भोवती शेत, गोठा, थोडं रान, आणि प्रत्येक घराला नाव. त्या घरात राहणाऱ्यांना त्या घराच्या नावाने ओळखायचं. घर विकून दुसरीकडे राहायला गेलं तर माणसाचं नावही बदलायचं. म्हणजे नाव मालकीचं घराच्या. माणसं ते वापरणार, आणि पुढची माणसं आली की त्यांच्याकडे सोपवणार. म्हणून बास्क आडनावं बहुतेक जागेवरूनच पडलेली दिसतात. गोइकोएचेआ म्हणजे वरचं घर, इबार्रा म्हणजे खोरं, एलिसोन्दो म्हणजे देवळाशेजारचा. दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता सिमोन बोलिवार याचं आडनावही बिस्काया प्रांतातल्या बोलिवार या खेड्याचं. त्यात गिरणी आणि खोरं असे दोन शब्द दडले आहेत.

आता आपलं मुळातलं नाव. एचे म्हणजे घर. बेरी म्हणजे नवं. विशेषण नामाच्या मागून येतं, आणि शेवटी 'ते' या अर्थाचा आ जोडायचा. एचेबेरिया, म्हणजे ते नवं घर. स्पॅनिश लिखाणात याचं एचेवेरिया झालं. बिस्काया भागातल्या बोलीत बेरीला बारी म्हणतात, म्हणून तिकडचा तो एचेवारिया. फ्रान्सच्या बाजूला एचेवेरी. कुठे सुरुवातीचा ए गळून पडला आणि चावारिया, चावारी ही रूपं तयार झाली. आपल्याकडे नवघरे हे आडनाव आहेच. कासानोव्हा म्हटलं की लोकांना भलतंच काही आठवतं, पण त्या बिचाऱ्या नावाचा अर्थही नवं घर एवढाच.

आणि इथे एक गोष्ट ठसवून सांगायला हवी. एचेवेरिया नावाचं एकच मूळ घराणं नाही. कुठल्याही गावात कुणीतरी कधीतरी नवं घर बांधलंच की. शेजारपाजाऱ्यांनी त्याला 'ते नवं घर' म्हटलं, आणि पुढे चारशे वर्षं ते जुनाट झालं तरी नाव नवंच राहिलं. अशी नवी घरं बास्क मुलखात खोऱ्याखोऱ्यांत होती. त्यामुळे दोन एचेवेरिया भेटले तर त्यांचं नातं असेलच असं अजिबात नाही. आडनाव सांगा, तुमच्या घराण्याचं चिन्ह चकचकीत चौकटीत देतो, असं म्हणणारी दुकानं स्पेनमध्ये पर्यटकांच्या वाटेवर दिसतात. चिन्ह असलेली ढाल कुठल्या तरी एका विशिष्ट घराची असते. त्या नावाच्या झाडून सगळ्यांची नव्हे. पैसे देणाऱ्याने हौस म्हणून द्यावेत, वंशावळ म्हणून देऊ नयेत.

हे नाव जगभर कसं गेलं, याचं उत्तरही त्या घरातच आहे. बास्क शेतघराची वाटणी करायची नाही, असा रिवाज होता. घर, शेत, रान सगळं अखंड ठेवायचं आणि एकाच वारसाच्या हाती द्यायचं. काही भागांत तो वारस मुलगी असली तरी चालायचं. मग बाकीच्या भावंडांनी काय करायचं? पाद्री व्हायचं, जहाजावर जायचं, कारकून म्हणून राजाच्या चाकरीत शिरायचं. १६व्या शतकापासून आणखी एक वाट उघडली, ती अमेरिकेची. बास्क लोक जहाजं बांधण्यात आणि हाकण्यात तरबेज. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १५२२ मध्ये परतलेला कप्तान एल्कानो बास्क. मनिला स्पेनच्या ताब्यात आणणारा लेगास्पी बास्क.

शिवाय बिस्काया आणि गिपुस्कोआ या प्रांतांतल्या मूळ रहिवाशांना जन्मानेच कुलीन मानलं जाई. करातून सूट, पदांवर हक्क. पण त्यासाठी आपण अमुक घराचे, हे कागदोपत्री दाखवावं लागे. साहजिकच घर सोडून हजारो कोस गेलेला माणूससुद्धा घराचं नाव घट्ट धरून ठेवायचा. गावात राहणाऱ्यापेक्षा गावाबाहेर पडलेल्यालाच त्याचा जास्त उपयोग.

त्याची फळं आज दिसतात. अर्जेंटिनाचा कवी एस्तेबान एचेवेरिया, जन्म १८०५, ब्युनोस आयर्सचा. त्याच्या नावाचा एक जिल्हाच तिथे आहे. मेक्सिकोचा १९७० ते १९७६ या काळातला राष्ट्राध्यक्ष लुइस एचेवेरिया. हवानात मार्च १९५७ मध्ये क्यूबाचा हुकूमशहा बातिस्ता याच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडलेला विद्यार्थी नेता होसे आन्तोनिओ एचेवेरिया. १९९४ च्या विश्वचषकात खेळलेला बोलिव्हियाचा मार्को एचेवेरी. कवी, सत्ताधीश, बंडखोर, फुटबॉलपटू, सगळ्यांना मिळालेला पत्ता एकच.

ही झाली रुंद वाट. दुसरी वाट अरुंद आहे, आणि ती आपल्याकडे येते.

पिरेनीजच्या दक्षिण उतारावर, आजच्या स्पेनमधल्या नवार्रा आणि आरागॉन या प्रदेशांच्या सीमेवर, एके काळी बास्क बोलली जायची. पुढे तिथे लॅटिनपासून निघालेली बोली आली आणि जुनी गावनावं नव्या तोंडांत सापडली. सुरुवातीचा ए गळाला, च चा श झाला. लॅटिन तेर्राचं जसं स्पॅनिशमध्ये तिएर्रा झालं, तसं बेर्रीचं बिएर झालं. एचेबेरीचं शाविएर बनलं ते असं. आरागॉनच्या डोंगरात खाविएर्रेगाय, खाविएर्रेलात्रे अशी खेडी आजही आहेत. तीही नवी घरंच.

नवार्रातल्या अशाच एका जागी एक किल्ला होता. १५०६ मध्ये तिथे एक मुलगा जन्मला, फ्रान्सिस्को. वडील हुआन दे हासो, नवार्राच्या राजाच्या मंडळातले बडे कायदेपंडित. आई मारिया दे आस्पिलकुएता, किल्ला तिच्याकडून आलेला. त्या काळी आडनावाचा नियम असा काही नव्हताच. या घरातला एक भाऊ मिगेल दे हासो, दुसरा हुआन दे आस्पिलकुएता, आणि धाकट्याला जग शाविएर म्हणून ओळखू लागलं. सख्खे भाऊ तीन आणि आडनावंही तीन. आपल्याकडे असं झालं असतं तर शाळेच्या दाखल्यावर केवढा घोळ झाला असता!

फ्रान्सिस्को सहा वर्षांचा असताना, १५१२ मध्ये, नवार्राचं राज्य शेजारच्या कॅस्टाइलच्या राज्याने गिळलं. भाऊ जुन्या राजाच्या बाजूने लढले. शिक्षा म्हणून १५१६ मध्ये किल्ल्याचे बुरूज पाडले गेले. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत कॅस्टाइलच्या बाजूचा एक बास्क सरदार तोफगोळ्याने पायाला जखमी झाला. त्याचं नाव इग्नेशियस लॉयोला. पुढे पॅरिसला शिकताना लॉयोला आणि फ्रान्सिस्को एकाच खोलीत राहिले आणि दोघांनी आणखी काही सोबत्यांसह जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाचा पाया घातला. कालचे शत्रुपक्ष आज एका खोलीत. इतिहासाला असल्या चाली सुचतात खऱ्या.

६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस्को गोव्याला पोहोचला, पोर्तुगीज राजाच्या आश्रयाने. तामिळ किनाऱ्यावरच्या कोळ्यांमध्ये काम करताना त्याने एका पत्रात लिहिलं की, यांची भाषा मलबारी (म्हणजे तामिळ) आणि माझी बास्क, त्यामुळे आम्हाला एकमेकांचं काही कळत नाही. म्हणजे पॅरिसमध्ये शिकून आलेल्या या माणसाची मायबोली शेवटपर्यंत ती डोंगरातलीच होती. त्याच्या कार्याबद्दल गोव्यात आणि महाराष्ट्रात दोन टोकांची मतं आहेत. १५४६ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय मागितलं, हे विसरण्यासारखं नाही. ते न्यायालय १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आलं आणि त्याने काय केलं ते आपण जाणतो. आज मात्र आपण त्याच्या नावाच्या मागे निघालो आहोत.

डिसेंबर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तो वारला. १६२२ मध्ये चर्चने त्याला संत ठरवलं आणि या आडनावाचं नशीब पालटलं. कॅथलिक घरांत मुलांची नावं फ्रान्सिस्को शाविएर अशी जोडीने ठेवली जाऊ लागली. काही पिढ्यांत पुढचं फ्रान्सिस्को गळालं आणि उरलं नुसतं शाविएर. फ्रान्समध्ये ग्झाव्हिए, इटलीत साव्हेरिओ. खरं तर हे विचित्रच झालं. संतांची नावं मुलांना देतात ती त्यांची पहिली नावं, पीटर, पॉल, जॉन. इथे एका संताचं आडनाव लोकांच्या पहिल्या नावाच्या जागी जाऊन बसलं.

आणि मग ते पुन्हा आडनाव झालं! ब्राझीलचा राष्ट्रवीर तिरादेन्तेस, १७९२ साली रिओमध्ये फासावर गेलेला. त्याचं पूर्ण नाव जुआकिम जोसे द सिल्व्हा शाविएर. फिलिपिन्समध्ये लोक संतांची नावं आडनाव म्हणून मनाला येईल तशी लावत. तो गोंधळ आवरायला गव्हर्नर क्लावेरियाने १८४९ मध्ये आडनावांची यादीच काढून वाटली. तिथे हाविएर हे आडनाव आजही नेहमीचं आहे. आपल्या दक्षिणेत कारण निराळं. केरळ आणि तामिळनाडूत वडिलांचं नाव शेवटी लावायची पद्धत आहे. वडील झेवियर असतील तर मुलाच्या नावामागे झेवियर लागतं आणि सरकारी अर्जात तेच आडनाव होऊन बसतं. तामिळमध्ये तर या नावाचं सवरिमुत्तू असं अस्सल तामिळ रूप झालं. नवार्राच्या डोंगरातल्या नव्या घराला तिथे मोती जडवला, कारण मुत्तू म्हणजे मोती, आणि ते लोक मोती काढणाऱ्या किनाऱ्यावरचे.

आता उच्चाराची गंमत. त्या काळच्या स्पॅनिशमध्ये या नावाचं पहिलं अक्षर X, आणि ते श असं उच्चारलं जायचं. पुढच्या शंभरएक वर्षांत स्पेनमध्ये तो श घशात शिरला आणि त्याचा ख झाला. १८१५ मध्ये स्पेनच्या भाषा अकादमीने लिहिण्यातही बदल केला, X च्या जागी J आला. आज स्पेनमध्ये ते खाविएर आहे. मुंबईत १८६९ साली सुरू झालेलं कॉलेज आपण इंग्रजीच्या वळणाने झेवियर्स म्हणतो. पोर्तुगीजांनी मात्र तो श जपला आणि त्यांच्याकडून तो गोव्यात आला. रोमी कोंकणीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत, X या अक्षराचा उच्चार आजही श च होतो. म्हणून जुन्या गोव्यात ३ डिसेंबरच्या फेस्ताला एखादी म्हातारी 'सां फ्रांसिस्क शाविएर' म्हणते तेव्हा तिचा उच्चार आजच्या माद्रिदवाल्यापेक्षा त्या माणसाच्या स्वतःच्या उच्चाराला जवळचा असतो. तोच ३ डिसेंबर नवार्रातही सुट्टीचा दिवस आहे, कारण हा संत त्यांचाही. आणि १९४९ पासून तोच दिवस बास्क भाषेचा दिवस म्हणून पाळला जातो.

एचेबेरियांचं पुढे काय झालं, तेही सांगतो. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत मुलांची नावं बास्क भाषेत नोंदवायला बंदी होती, आणि आडनावं स्पॅनिश वळणानेच लिहिली जात. १९७५ मध्ये फ्रँको गेला, कायदे बदलले. मग अनेकांनी नोंदणी कार्यालयात जाऊन आडनावाचं लिखाण बास्क पद्धतीचं करून घेतलं. त्यामुळे आजोबांच्या दारावर एचेवेरिया आणि नातीच्या ओळखपत्रावर एचेबेरिया, असं चित्र एकाच कुटुंबात दिसू शकतं. उच्चारायला दोन्ही जवळपास सारखंच, कारण स्पॅनिशमध्ये ब आणि व यांच्यात फरक करतच नाहीत. मेक्सिको आणि अर्जेंटिनातले मात्र बहुतेक सगळे जुन्या लिखाणावरच राहिले आहेत.

नमस्कार.