मेंदीच्या रंगातलं रॅडिकल: ईपीआरवर पकडा, डीएफटीने ताडून पाहा

नमस्कार! मेंदीने तळहात रंगतो तो लॉसोनमुळे. या रेणूला एक इलेक्ट्रॉन मिळाला की सेमिक्विनोन रॅडिकल, म्हणजे जोडीविना एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू, तयार होतं. आज तेच ईपीआरने (चुंबकीय क्षेत्रात मायक्रोवेव्ह सोडून एकटे इलेक्ट्रॉन टिपायची पद्धत) मोजायचंय, आणि डीएफटीने (रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचं संगणकावरचं गणित) ताडून पाहायचंय.

०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं १० मिली द्रावण घ्या, त्यात १.७४ मिलिग्रॅम लॉसोन विरघळवा. नारिंगी रंग येईल. २० मिनिटं नायट्रोजन सोडा, मग डायथायोनाइट (इलेक्ट्रॉन देणारा क्षार) घाला. इथे हात आखडता ठेवा! डायथायोनाइटचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो, म्हणून लॉसोनच्या निम्म्या मोलपेक्षा जास्त नको. जास्त पडलं तर लॉसोन पार हायड्रोक्विनोन (दोन इलेक्ट्रॉन घेतलेलं रूप) होऊन बसतं आणि सिग्नल जातो. जी २.००५७ ला (जी म्हणजे रेघेची जागा सांगणारा आकडा) एकच रेघ दिसली, तर ते डायथायोनाइटचं स्वतःचं रॅडिकल आहे.

पाणी मायक्रोवेव्ह खातं. जाड नळीत रेझोनेटर (नमुना ठेवायची मायक्रोवेव्हची पोकळी) ट्यूनच होत नाही, म्हणून १ मिमीची केशनळी किंवा चपटा सेल वापरा. ९.५ गिगाहर्ट्झला सिग्नल ३३९० गॉसच्या आसपास सापडेल. शोधताना मॉड्युलेशन (चुंबकीय क्षेत्राची हलकी थरथर) १ गॉस चालेल, पण नंतर ०.१ किंवा त्याखाली आणाच, नाहीतर जवळजवळच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. मॉड्युलेशन आणि पॉवर कमी करूनही रेघा जाडच राहिल्या, तर द्रावणात ऑक्सिजन उरलाय.

आता गणित. ऑर्का या सॉफ्टवेअरमध्ये डीएफटीची बी३एलवायपी पद्धत, ईपीआर-टू बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणारी फलनं) आणि पाण्याचं सॉल्व्हेंट मॉडेल घ्या. सगळ्यात जास्त चुका चार्ज भरताना होतात. लॉसोनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो) ४ च्या जवळ, त्यामुळे अल्कलीत त्याचा प्रोटॉन आधीच गेलेला असतो, चार्ज वजा १. त्यावर एक इलेक्ट्रॉन आला की वजा २, मल्टिप्लिसिटी २ (एकटा इलेक्ट्रॉन एकच, म्हणून). सवयीने वजा १ टाकलं, तर तुम्ही हायड्रॉक्सिल शाबूत असलेला वेगळाच रेणू मोजताय. माझं सांगणं, दोन्ही रूपं मोजाच. साध्या नॅफ्थोसेमिक्विनोनमध्ये २ आणि ३ नंबरचे हायड्रोजन मिळून ३.२ गॉसचं १:२:१ त्रिकूट देतात. लॉसोनमध्ये त्यातला ३ नंबरचा एकटाच उरतो, आणि त्याची जोडरेघ किती फाकते हे शेजारचा प्रोटॉन आहे की गेला यावर ठरतं.

एस-स्क्वेअर (गणितातला स्पिन शुद्ध आहे का ते सांगणारा आकडा) ०.७५ च्या जवळ आहे ना, बघा. रेघा किती फाकतात याचं उत्तर मेगाहर्ट्झमध्ये येतं, २.८ ने भागलं की गॉस. आकडा वजा आला तरी बिचकू नका. साध्या स्पेक्ट्रममध्ये चिन्ह दिसत नाही, तुलना फक्त आकड्याची करा.