पायाखालचा पाया

(दृश्य : अमेरिकेच्या युटा राज्यातली लिटल कॉटनवुड दरी, ओढ्याकाठच्या शिळा)

शिळेच्या कडेला ओळीने गेलेल्या या अर्धगोल खाचा बघा. सॉल्ट लेक सिटीच्या मंदिरासाठी दीडशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनी पाडलेल्या भोकांची ही अर्धी बाजू. दुसरी अर्धी चिऱ्याबरोबर गेली. उभा कडा पोखरायचा नाही, वरून गडगडत तळाशी आलेल्या शिळाच फोडायच्या, अशी इथली रीत. आधी एका रेषेत भोकं. प्रत्येक भोकात पोलादाच्या दोन अर्धगोल पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पाचर. मग प्रत्येक पाचरीवर एकेक घाव घालत टोकापर्यंत जायचं आणि पुन्हा पहिलीपासून सुरुवात. घाई करून एकाच पाचरीवर घण घातला, तर दगड रेघ सोडून फुटतो. चिरा वाया.

सगळे याला ग्रॅनाइट म्हणतात. भूशास्त्रज्ञ क्वार्ट्झ मॉन्झोनाइट म्हणतात. नाव काहीही द्या, घडवायला कठीण आणि ओढायला त्याहून कठीण. इथून सॉल्ट लेक सिटी तीसेक किलोमीटर. बैलगाडीला एका खेपेला चार दिवसांपर्यंत लागायचे. १८७३ मध्ये खाणीपर्यंत रेल्वे आली, तेव्हा कुठे काम धावू लागलं.

(दृश्य : मंदिराचे सहा मनोरे, पूर्वेकडून)

हे सॉल्ट लेक मंदिर. बांधणारे मॉर्मन, म्हणजे आता त्यांनाच आवडतं त्या नावाने, अखेरच्या दिवसांतील संतांचं येशू ख्रिस्ताचं चर्च. या चर्चची स्थापना ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात फेयेट इथे झाली. संस्थापक जोसेफ स्मिथ. मोरोनी नावाच्या देवदूताने सोन्याचे पत्रे दाखवले, त्यांवरचा मजकूर आपण अनुवादला, असं त्याचं सांगणं. तेच ‘मॉर्मनचे पुस्तक’. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्याला ठार केलं. त्यानंतर बहुसंख्य अनुयायी ब्रिगहॅम यंगच्या मागे पश्चिमेला निघाले. जुलै १८४७ मध्ये यंग या खोऱ्यात पोहोचला आणि चारच दिवसांत मंदिराची जागा मुक्रर झाली.

रविवारची उपासना इथे होत नाही. ती वस्तीवस्तीतल्या साध्या सभागृहांत होते, तिथे कुणीही जाऊन बसावं. मंदिराचं काम वेगळं. इथे नवरा-बायको आणि मुलं मरणानंतरही एकमेकांची राहतील अशी विधीने बांधली जातात. वारलेल्या पूर्वजांच्या वतीने बाप्तिस्माही मंदिरातच घेतात, बारा बैलांच्या पुतळ्यांच्या पाठीवर पेललेल्या हौदात. आत जायला परवाना लागतो. आधी बिशपची मुलाखत, मग त्याच्या वरच्या अधिकाऱ्याची. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देता का? दारू, तंबाखू, चहा, कॉफी टाळता का? परवाना दोन वर्षांचा. बिशप म्हणजे पगारी पुरोहित नव्हे, नोकरीधंदा सांभाळून काही वर्षं ही जबाबदारी घेणारा शेजारीच. सर्वांच्या वर अध्यक्ष, त्यालाच संदेष्टा मानतात. त्याचे दोन सल्लागार आणि खाली बारा प्रेषित.

(दृश्य : पश्चिमेचा मधला मनोरा, जवळून)

भिंतीवर सूर्य आहे, चंद्राच्या कला आहेत. इथे तर सप्तर्षी कोरलेत. त्यांतले दोन तारे आकाशातल्या ध्रुवाकडे रोखलेले.

(दृश्य : पायाची जुनी रेखाटनं)

कोनशिला १८५३ ची. पहिला पाया वालुकाश्माचा. १८५७ मध्ये अमेरिकी सैन्य युटावर चालून येत असल्याची बातमी आली आणि पुढच्या वर्षी हा पाया मातीखाली गाडला गेला. वरून नांगरलेलं शेत वाटावं असा. त्याच तणावात, सप्टेंबर १८५७ मध्ये, माउंटन मेडोज इथे मॉर्मन सशस्त्र दलाने सुमारे १२० वाटसरूंची कत्तल केली. पाया पुन्हा उघडला तेव्हा दगडांना तडे दिसले. चिऱ्यांमधल्या फटी कपच्या आणि चुन्याने भरल्या होत्या. वरचं वजन एकसारखं उतरत नव्हतं. सदोष थर काढून पुन्हा रचले. भिंती तळाशी ९ फूट जाड, वर ६ फूट. या चर्चमध्ये चालत आलेलं बहुपत्नीत्व १८९० मध्ये मागे घेतलं गेलं, मंदिर ६ एप्रिल १८९३ रोजी अर्पण झालं. एकूण ४० वर्षं.

(दृश्य : शिखरावरचा सोनेरी मोरोनी, मग हातात तुतारी नसलेला)

साडेबारा फुटी तांब्याचा पुतळा, वर सोन्याचा वर्ख. घडवणारा सायरस डॅलिन स्वतः या चर्चचा सदस्य नव्हता. १८ मार्च २०२० रोजी ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि देवदूताच्या हातातली तुतारी निसटली. शहर वासॅच भ्रंशावर, म्हणजे भूकवचातल्या मोठ्या तड्यावर, वसलेलं आहे. मंदिराचं भूकंपरोधक काम तीन महिन्यांपूर्वीच सुरू झालं होतं.

(दृश्य : खोल खड्डा, पायाखालून आडवे जाणारे पोलादी नळ)

इतकी जड इमारत उचलता येत नाही. म्हणून तिच्याखाली दुसरा पाया सरकवायचा. जुन्या पायाच्या पोटाखालून पोलादी नळ आडवे रेटतात. आतली माती उपसून त्यांत सळया आणि काँक्रीट भरतात. या तुळया इमारतीचा भार पेलू लागल्या, की त्यांच्याखाली ९८ विलगक, म्हणजे इमारतीला जमिनीपासून अलग राखणारे आधार, बसतात. जमीन हलली तर सरकण्याची हालचाल ते झेलतात आणि वरच्या भिंतींना झटका कमी बसतो. पण आधी जुना पाया सलग हवा. उघडल्यावर जुन्या दगडकामात पोकळ्या निघाल्या, काही भाग झिजलेले. त्यांत पातळ सिमेंट दाबून भरावं लागलं. मनोऱ्यांतून खालपर्यंत भोकं पाडून ताणलेल्या तारा ओवल्या, म्हणजे चिरे एकमेकांना धरून राहतील. काम लांबलं ते या पोकळ्यांमुळेही.

आतली जुनी भित्तिचित्रं मात्र गेली.

(दृश्य : पुन्हा तीच दरी, कड्यातली बोगद्यांची तोंडं)

खाणीपासून थोडं वर, त्याच दगडात, १९६० च्या दशकात चर्चने बोगदे खोदले. आत मायक्रोफिल्मची सुमारे २४ लाख रिळं, जगभरच्या जन्म-मृत्यू-लग्नांच्या नोंदींची. तापमान साधारण १३ अंश. पूर्वजाच्या वतीने बाप्तिस्मा घ्यायचा तर आधी त्याचं नाव सापडायला हवं.