त्रिग्लाव: पहिले चौघे

क्रेदारित्सा, २५१५ मीटर. नुकतं उजाडतंय. गिर्यारोहकांच्या मुक्कामाच्या हटच्या ओट्यावर हेल्मेटचे पट्टे आवळले जातायत. समोर स्लोव्हेनियाचं सर्वांत उंच शिखर, त्रिग्लाव. २८६४ मीटर, सगळा चुनखडक.

हा दगड जवळून बघा. करडा, उन्हात जवळजवळ पांढरा. पावसानं त्यात पन्हळी कोरल्यात, त्यांच्या कडा बोट कापतील इतक्या धारदार. पाणी वर ठरत नाही, भेगांतून डोंगराच्या पोटात उतरतं. पकड उत्तम मिळते. पण राबत्याच्या वाटेवर बुटांनी घासून हाच दगड गुळगुळीत झालाय. म्हणून या लोखंडी मेखा, या तारा.

ही माली त्रिग्लाववरून, म्हणजे शेजारच्या धाकट्या शिखरावरून, मुख्य शिखराकडे जाणारी धार. मेखा नव्हत्या तेव्हा लोक घोड्यावर बसावं तसे, दोन्हीकडे पाय सोडून, सरकत सरकत पुढे जायचे.

२६ ऑगस्ट १७७८ ला शिखरावर पोचले ते बोहिन्य भागातले चौघे. लुका कोरोशेत्स आणि मातेव्झ कोस, खाणकामगार. श्टेफान रोझिच, शिकारी. लोव्हरेन्त्स विलोमित्सर, शस्त्रवैद्य. बक्षीस लावलं होतं लोखंडाच्या कारखान्यांचे मालक झिगा झोइस यांनी. आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर माँ ब्लाँ तेव्हा कुणी चढलेलं नव्हतं. तो मान आणखी ८ वर्षांनी. ही चार नावं पुन्हा एकदा ऐका: कोरोशेत्स, कोस, रोझिच, विलोमित्सर. आल्प्समध्ये वाटाड्याचं नाव सहसा साहेबाच्या नावामागून येतं. इथं साहेब नव्हताच.

आता व्राता खोऱ्यातून उत्तरेचा कडा. सुमारे १००० मीटर उंच, तीनेक किलोमीटर रुंद. कॅमेऱ्यात एकदम मावत नाही. १८९० मध्ये यातून पहिल्यांदा वर गेला त्रेंता खोऱ्यातला शिकारी इव्हान बेर्गिन्त्स. आज ती ‘स्लोव्हेनियन वाट’. १९०६ मध्ये क्योनिग, राइन्ल आणि डोमेनिग चढले, ती ‘जर्मन वाट’.

शिखराखालचा तो मळका पांढरा तुकडा म्हणजे इथली हिमनदी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ४० हेक्टरांहून मोठी, आता एक हेक्टरही नाही.

माथा. हा पत्र्याचा मनोरा १८९५ मध्ये दोव्ये गावचे पाद्री याकोब आल्याझ यांनी जागा विकत घेऊन उभारला. पहिल्यांदा आलेल्याच्या पाठीवर इथं दोराचे फटके बसतात. तो बाप्तिस्मा.

आणि खाली बोहिन्य सरोवराच्या काठी, रिब्चेव लाझला, १९७८ पासून ते चौघे ब्राँझमध्ये उभे आहेत.