थोरल्या मायचं नाव

दारव्हा तालुक्यातलं एक गाव. ओसरीवर वंशावळीचा कागद पसरलाय. नातवाच्या जातीच्या व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जात पडताळणीसाठी, कोतवाल पंजीच्या (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकला गोळा करून बनवलेला. खापरपणजोबापासून नातवापर्यंत सगळी पुरुषांची नावं.

"आजी, याच्यात तू कुठं आहेस?"

"बायकायची नावं कोन लिवते बाप्पा!"

डीएनएवरून पूर्वज शोधायच्या चाचण्या तीन. त्यातली वाय गुणसूत्राची चाचणी नेमका हाच कागद वाचते. बापाकडून मुलाला, मुलाकडून त्याच्या मुलाला. मुलींमध्ये वाय नसतंच. मुलीला बापाकडची ही ओळ शोधायची तर बापाची नाहीतर सख्ख्या भावाची थुंकी नळीत द्यायची. द्यायच्या आधी अर्धा तास तोंडात काही नको, म्हणजे खर्रा (सुपारी-तंबाखू) चघळणाऱ्यांची पंचाईत इथूनच सुरू.

आजीची ओळ सापडते दुसऱ्या चाचणीत, मायटोकॉन्ड्रियात. पेशीतल्या या भागाचा आपला वेगळा, छोटासा डीएनए असतो, जेमतेम १६,५६९ अक्षरांचा. आई तो मुलाला देते, मुलीलाही देते. पुढे मात्र फक्त मुलगीच देते. आजीचा हा डीएनए नातवाच्या बापात आहे, नातवात नाही. नातवाला मिळाला तो त्याच्या आईचा, तिच्या आईचा. आणि तो इतका सावकाश बदलतो की दोन माणसांचा जुळला, तरी नातं हजारो वर्षांपूर्वीचं असू शकतं.

मग या आजीचं नातवात काहीच नाही? आहे. तिसरी चाचणी ऑटोसोमल, गुणसूत्रांच्या उरलेल्या २२ जोड्यांची. अर्धं आईकडून, अर्धं बापाकडून. कोणतं अर्धं, ते नशीब. म्हणून सख्ख्या भावंडांचे निकालही वेगळे येतात. आजीचा वाटा साधारण पाव. खापरपणजोबाचा सरासरी ६.२५ टक्के. आणखी मागे गेलं, की वंशावळीत नाव असलेल्या एखाद्या पूर्वजाचा डीएनए आपल्यात शून्यही असतो.

चुलत, आते, मामे भावंडं शोधायला ही चाचणी चांगली. 'तुम्ही इतके टक्के अमुक प्रदेशाचे' या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. कंपनी आपल्याकडच्या नमुन्यांशी ताडून तो काढते. दुसऱ्या कंपनीत तीच थुंकी वेगळे टक्के दाखवते. जात तर यातली एकही चाचणी सांगत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या २००९ च्या अभ्यासात देशातले २५ समूह तपासले, तर जवळपास सगळेच दोन प्राचीन समाजांच्या मिसळणीतून आलेले निघाले. व्हॅलिडिटीला नकलाच लागणार.

नातू कागद उलटतो. कोऱ्या बाजूवर आजीचं नाव. खाली तिच्या आईचं, मग तिच्या आईचं.

"अन् तिची माय?"

आजी सुपातली डाळ पाखडायची थांबते.

"तिले सारे थोरली मायच म्हनत. नाव तं मलेई मालूम नाही."